वाऱ्याचा हिशेब

नेमबाजी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दहा मीटरची एअर रायफल येते. बंद सभागृह, शांतता, दिव्यांच्या उजेडातले छोटेसे लक्ष्य. तिथे नेमबाजाची लढाई स्वतःच्या श्वासाशी आणि हृदयाच्या ठोक्यांशी असते. आज मी बोलणार आहे ते याच खेळाच्या थोरल्या भावाविषयी. हा खेळ उघड्या माळावर चालतो, लक्ष्य हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटर दूर असते, आणि इथे श्वास ताब्यात ठेवणे ही फक्त सुरुवात असते. खरा प्रतिस्पर्धी दिसत नाही. तो म्हणजे वारा.

या खेळाची पंढरी इंग्लंडमध्ये, सरे परगण्यातल्या बिझली या गावी आहे. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा १८६० मध्ये विम्बल्डनच्या माळावर झाली आणि पहिली गोळी खुद्द राणी व्हिक्टोरियाने झाडली. १८९० मध्ये हा सारा पसारा बिझलीला हलला. तिथल्या सर्वांत मानाच्या बक्षिसाला राणीच्या काळात क्वीन्स प्राइझ आणि राजाच्या काळात किंग्ज प्राइझ म्हणतात. पहिल्या फेरीतून तीनशे जण दुसऱ्या फेरीत जातात, त्यांतले शंभर अंतिम फेरीत. ही अंतिम फेरी नऊशे आणि हजार यार्डांवर होते. १९३० मध्ये मार्जरी फॉस्टर या बाईंनी हे बक्षीस जिंकले. ते जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवतात. आपल्याकडे कुस्तीचे मैदान मारलेल्या पैलवानाला मिरवतात ना, अगदी तसेच.

नोकरीनिमित्त माझी काही वर्षे त्या भागात गेली आणि तिथल्या एका क्लबात मी हा खेळ शिकलो. मराठी माणसाला तिथे एक सुखद धक्का बसतो. बिझलीच्या जुन्या सांघिक चषकांपैकी एकाचे नाव आहे ‘कोलापोर कप’. होय, आपले कोल्हापूरच! १८७० मध्ये कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडला गेले होते आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स इथे त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या राजांच्या नावाचा हा चषक १८७१ पासून खेळला जातो. आठ-आठ जणांचे संघ त्यासाठी तीनशे, पाचशे आणि सहाशे यार्डांवर झुंजतात.

आता मुद्द्याकडे वळू. हजार यार्डांच्या त्या रेंजचे नाव स्टिकलडाउन. तिथे लक्ष्याचा ‘बुल’, म्हणजे पूर्ण पाच गुणांचे वर्तुळ, सुमारे दोन फूट व्यासाचे असते. दोन फूट ऐकायला पुष्कळ वाटते. पण इतक्या लांबून नुसत्या डोळ्यांना ते टाचणीच्या डोक्याएवढेही दिसत नाही. त्यात ‘टार्गेट रायफल’ या प्रकारात रायफलवर दुर्बीण लावता येत नाही. पुढे एक गोल कडे, मागे एक बारीक भोक आणि त्यातून दिसणारा काळा ठिपका, एवढीच सामग्री. नेमबाज पालथा झोपतो, दंडाला अडकवलेल्या पट्ट्याने रायफल सावरतो आणि कशाचाही टेकू घेत नाही.

गोळी असते ७.६२ मिलिमीटर जाडीची, साधारण दहा ग्रॅम वजनाची. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या घरात असतो. हवेशी झगडत ती लक्ष्यापाशी पोहोचते तेव्हा तो निम्म्याहून खाली आलेला असतो. या प्रवासाला दीड सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात वारा तिला किती ढकलतो?

समजा, ताशी १६ किलोमीटरचा वारा अगदी आडवा वाहतो आहे. झाडांची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतील एवढाच, वादळ नव्हे. हा वारा हजार यार्डांवर गोळीला सात-साडेसात फूट बाजूला नेतो. बुलच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर फक्त एक फूट! म्हणजे वाऱ्याचा अंदाज ताशी दोन किलोमीटरने जरी चुकला, तरी मध्यावर जाणारी गोळी बुलच्या कडेवर किंवा बाहेर जाते. ताशी दोन किलोमीटर म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याच्या निम्मा वेग. गालाला जाणवणार नाही एवढ्या फरकावर इथे गुण जातात.

इथे थोडे शास्त्र पाहू, कारण याबाबत बहुतेकांची समजूत वेगळी असते. आपल्याला वाटते, की वारा गोळीला एका बाजूने ढकलत नेतो, प्रवाहात पडलेल्या पानासारखा. तसे असते तर दीड सेकंदात ती वाऱ्याबरोबर जवळजवळ बावीस फूट वाहत गेली असती. प्रत्यक्षात ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच सरकते. का? कारण फिरती गोळी आपले नाक समोरून येणाऱ्या हवेकडे वळवते. वारा उजवीकडून असेल तर तिच्या दृष्टीने हवा समोरून, पण किंचित उजवीकडून येते. मग हवेचा रोध तिला सरळ मागे न ओढता मागे आणि थोडा डावीकडे ओढतो. तिला बाजूला नेतो तो हा तिरपा रोध.

म्हणूनच हिशेबाचा नियम मजेशीर आहे. हवा नसती तर गोळीने हे अंतर नऊशे मीटरच्या वेगाने साधारण एका सेकंदात कापले असते. हवेमुळे तिला दीड सेकंद लागला. म्हणजे उशीर झाला अर्ध्या सेकंदाचा. या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणायचे. ताशी १६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ साडेचार मीटर. त्याला अर्ध्याने गुणले की सव्वादोन मीटर, म्हणजेच ते सात-साडेसात फूट. एकंदर प्रवासाला किती वेळ लागला याला महत्त्व नाही. हवेमुळे किती वेळ *वाया* गेला, याला आहे.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. खळ्यावर धान्य उपणताना सुपातून एकाच वेळी सारे खाली सुटते. दाणा पायाशी पडतो आणि भुसा लांब जातो. वारा दोघांना एकच. पण भुशाला हवा अडवते तशी दाण्याला अडवत नाही. निमुळती, वजनदार गोळी म्हणजे दाणा. बोथट, हलकी गोळी भुशाच्या जातीची.

याच नियमातून एक नवल निघते. छोट्या .२२ रायफलच्या गोळ्या दोन प्रकारच्या मिळतात, आवाजाच्या वेगाहून थोड्या मंद आणि थोड्या जलद. कोणालाही वाटेल, की जलद गोळी वाऱ्यात कमी सरकेल. होते उलटेच! आवाजाच्या वेगापलीकडे हवेचा रोध एकदम वाढतो, तिथे जलद गोळीचा वेग झपाट्याने गळतो आणि ती मंद गोळीपेक्षा अधिक वाहवते. म्हणून लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत .२२ चे नेमबाज मुद्दाम मंद गोळी वापरतात.

वाऱ्याच्या वेगाइतकीच त्याची दिशा महत्त्वाची. नेमबाज दिशा घड्याळाच्या भाषेत बोलतात. लक्ष्य बारा वाजता, आपण मधोमध. तीन किंवा नऊ वाजताचा वारा पूर्ण धरायचा. एक वाजताचा, म्हणजे तीस अंशांचा वारा निम्मा. बारा किंवा सहाचा शून्य. ऐकताना वाटेल, की आडवा वारा सर्वांत वाईट आणि समोरचा सर्वांत चांगला. अनुभवी नेमबाजाला विचारा, तो नेमके उलटे सांगेल.

हिशेब करून पाहा. तोच ताशी १६ किलोमीटरचा वारा पूर्ण आडवा असताना दिशेने दहा अंश बदलला, तर गोळीच्या जागेत फरक पडतो जेमतेम दीड इंच. पण तो समोरून येत असेल आणि बारा वाजण्याच्या रेषेच्या दहा अंश डावीकडून दहा अंश उजवीकडे हेलकावला, तर गोळी एकदा पंधरा इंच उजवीकडे आणि एकदा पंधरा इंच डावीकडे जाईल. एकूण अडीच फूट. अख्खा बुल दोन फुटांचा! इंग्रज नेमबाज अशा वाऱ्याला माशाच्या शेपटीची उपमा देतात, कारण निशाणे सारखी या बाजूला, त्या बाजूला हलत असतात. बिझलीला असा वारा सुटला, की फायरिंग पॉइंटवरच्या गप्पा आपोआप थांबतात.

हा वारा ओळखायचा कसा? पहिले साधन निशाणे. रेंजवर ठिकठिकाणी उंच काठ्यांवर लांब कापडी निशाणे फडकत असतात. निशाण काठीशी किती अंशांचा कोन करते ते पाहायचे आणि त्याला चाराने भागायचे, की वाऱ्याचा वेग ताशी मैलांत येतो, असा एक ढोबळ आडाखा आहे. कापड ओले झाले तर तो फसतो. निशाणांच्या बाबतीत दुसरा प्रश्न असा, की पाहायचे कोणते? आपल्या जवळचे, मधले, की लक्ष्यापाशचे?

नवशिके लक्ष्यापाशचे पाहतात, कारण तिथे गोळी मंदावलेली असते. ती तिथे वाऱ्याला अधिक बळी पडते हे खरेच आहे. पण सुरुवातीला गोळीची दिशा जराशी जरी बिघडली, तरी ती बिघडलेली दिशा घेऊन तिला पुढचे सगळे अंतर जायचे असते. हिशेब मांडला तर एकूण सरकण्यातला मोठा वाटा पहिल्या अर्ध्या वाटेवरच्या वाऱ्याचा निघतो. शिवाय हजार यार्ड गाठण्यासाठी गोळी कमानीतून जाते. वाटेत ती नजरेच्या रेषेपेक्षा दहा-बारा फूट वर असते आणि वरचा वारा जमिनीलगतच्या वाऱ्याहून जोरकस असतो. खिशात ठेवायची वारा मोजण्याची यंत्रे मिळतात. पण ती सांगतात तो फक्त आपल्या नाकासमोरचा वारा. उरलेल्या वाटेवर डोळे आणि अनुभव यांनाच काम करावे लागते.

दुसरे साधन मला फार आवडते. ते म्हणजे मृगजळ. मराठीत मृगजळ हा फसवणुकीचाच दुसरा शब्द आहे. नेमबाजाला मात्र ते खरे सांगते. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर दुर्बिणीतून दिसते. दुर्बीण लक्ष्यावर न रोखता अलीकडच्या हवेवर रोखायची, म्हणजे ही थरथर पाण्याच्या ओहोळासारखी डावीकडे किंवा उजवीकडे वाहताना स्पष्ट दिसते. निशाणाचे कापड जड असते, त्याला हलायला वेळ लागतो. मृगजळ बदल लगेच दाखवते. मंद वाऱ्यात तर निशाण काठीला लटकलेले असते आणि मृगजळ मात्र स्पष्ट वाहत असते. वारा थेट समोरून किंवा मागून असेल, तर ते आधणाच्या पाण्यासारखे सरळ वर उकळताना दिसते. हे उकळणे दिसले की जपायचे. वारा बाजू बदलण्याच्या बेतात असू शकतो. वारा जोराचा झाला की मात्र थरथर आडवी पसरते, तिचा वेग कळेनासा होतो आणि पुन्हा निशाणांकडे वळावे लागते.

अंदाज झाला, की तो रायफलवर चढवायचा. मागच्या साइटला बाजूला एक चाकी असते. ती फिरवली की टक्-टक् आवाज करत साइट सरकते. एकक असते कोनाचे मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. हजार यार्डांवर एक मिनिट म्हणजे सुमारे साडेदहा इंच. बहुतेक साइटवर एक टक् म्हणजे पाव मिनिट. वारा उजवीकडून आला तर साइट उजवीकडे फिरवायची. नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. आपल्या उदाहरणातल्या वाऱ्याला जवळजवळ साडेआठ मिनिटे द्यावी लागतील. जाता जाता आणखी एक बारकावा. नळीतल्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत असते. ती उजवीकडे फिरणारी असेल तर उजवा वारा तिला डावीकडे नेताना किंचित वरही उचलतो, आणि डावा वारा उजवीकडे नेताना किंचित खाली दाबतो. म्हणजे वाऱ्याचा हिशेब आडव्या रेघेवरही पुरा होत नाही.

आता अंतिम फेरीचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. दोन गोळ्या अंदाजासाठी, मग गुणांच्या पंधरा. प्रत्येक गोळीनंतर पलीकडच्या खंदकातली माणसे लक्ष्य खाली ओढतात, भोकात एक चकती खोचतात आणि लक्ष्य पुन्हा वर करतात. एका लक्ष्यावर दोन-तीन नेमबाज आळीपाळीने गोळ्या झाडतात. आपली पाळी आली की हाती पंचेचाळीस सेकंद. हवा तो वारा येईपर्यंत थांबायची सोय नाही. एक गोळी झाडली आणि वारा तसाच आहे म्हणून लगेच दुसरी झाडली, हेही नाही. मधल्या वेळात वारा बदललेला असतो. दर वेळी नवा प्रश्न, नवा निर्णय.

या घालमेलीत आधार असतो तो गुडघ्याजवळच्या एका कागदाचा. आमच्या क्लबातले एक वयस्क गृहस्थ नव्या माणसाला रायफलला हात लावू देण्याआधी हा कागद भरायला शिकवत. त्यात दर गोळीला दोन नोंदी करायच्या: आपण साइटवर किती वारा दिला आणि किती द्यायला *हवा होता*. समजा, सहा मिनिटे उजवा दिला आणि गोळी साडेदहा इंच डावीकडे लागली. याचा अर्थ खरा वारा सात मिनिटांचा होता. कागदावर सात लिहायचे आणि त्या क्षणी निशाण कसे दिसत होते ते डोक्यात ठेवायचे. आठ-दहा गोळ्यांत एक चित्र तयार होते: आज वारा साडेचारच्या खाली जात नाही, साडेसातच्या वर चढत नाही आणि निम्मा वेळ सहाच्या आसपास असतो. मग प्रश्न ‘वारा किती’ हा उरत नाही. ‘आपल्या ठाऊक असलेल्या तीन-चार वाऱ्यांपैकी आत्ता कोणता चालू आहे’ एवढाच उरतो. त्याचे उत्तर पंचेचाळीस सेकंदांत देता येते.

हा कागद आणखी एक काम करतो आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे. गोळी बाजूला गेली की माणसाचा पहिला उद्गार असतो, ‘वारा बदलला!’ खरेच बदलला, की आपला हात हलला? उत्तम रायफल आणि उत्तम नेमबाज यांच्या गोळ्याही एकाच भोकातून जात नाहीत. अर्धा-एक मिनिटाचा पसारा असतोच. त्या पसाऱ्यातल्या प्रत्येक गोळीमागे साइट फिरवत बसणारा माणूस स्वतःच नवा वारा निर्माण करतो.

यावर कागद एक साधी कसोटी देतो. पंधरा गोळ्या संपल्यावर त्या उभ्या किती पसरल्या ते पाहायचे आणि आडव्या किती पसरल्या ते पाहायचे. वाऱ्याचा जोर मुख्यतः आडवा चालतो. त्यामुळे उभा पसारा बहुतांशी आपला, आपल्या रायफलीचा आणि काडतुसांचा. समजा, तो दहा इंच आहे आणि आडवा वीस. मग जास्तीचे दहा इंच वाऱ्याच्या वाचनातले. पण दोन्ही पसारे सारखेच वीस-वीस इंच असतील, तर वाऱ्याच्या नावाने बिल फाडता येणार नाही. त्या दिवशी वारा नीट वाचला गेला आणि उणीव स्वतःत होती. ही कसोटी कोणी पंच लावत नाही, तिचे गुण नाहीत; ती ज्याची त्याने स्वतःला लावायची. माझ्या पाहण्यात वर्षानुवर्षे मोठे होत गेलेले नेमबाज आणि आहे तिथेच राहिलेले नेमबाज यांच्यात रायफलीचा, दृष्टीचा, ताकदीचा फारसा फरक नव्हता. फरक होता तो हा कागद खरा भरण्यात.

सांघिक सामन्यांत तर ही विभागणी उघडच असते. नेमबाजामागे ‘विंड कोच’ बसतो. दुर्बिणीत पाहून साइटवर किती वारा द्यायचा ते तोच ठरवतो. नेमबाजाने शंका न घेता नेम धरायचा आणि कोचने दोष न देता वारा वाचायचा. गोळी चुकली तर दोघेही आधी कागद पाहतात, एकमेकांकडे नाही. असा संघ पाहणे हा एक आनंद असतो.

आपल्याकडे हजार यार्डांची नेमबाजी सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाही. पण वाऱ्याचा हा धडा पन्नास मीटरवरही सुटत नाही. तिथे दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे, आणि उघड्या रेंजवर हलकासा आडवा वाराही .२२ ची गोळी त्याच्या बाहेर घालवतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिच इथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक आणले. दीडशे वर्षांपूर्वी ज्या गावाचे नाव एका चषकावर कोरले गेले, त्याच मातीतली मुले आज जगाच्या पंक्तीत बसली आहेत.

आपल्या गावाजवळ एखादी रेंज असेल, तर एकदा सकाळी जाऊन पाहा. लक्ष्याकडे पाहू नका, निशाणांकडे पाहा. नेमबाज झोपून तयार आहे, बोट चापावर आहे आणि तरी तो गोळी झाडत नाही. मग तो मान वर करतो, साइटची चाकी दोन टक् फिरवतो आणि पुन्हा नेम धरतो. त्या दोन ‘टक्’मध्ये काय काय असते, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)